घरचा गहू

गॅसवाला दाराबाहेर सिलिंडर टेकवतो तेव्हा धप्प असा आवाज होतो ना, त्या आवाजाने मी आजही हातातलं काम टाकून उठते आणि आधी पाण्याचा तांब्या भरते. मग लक्षात येतं, गॅस आलाय. तांब्या परत माठात. सून हसते. हसू दे बापडी. तिला किती वेळा सांगायचं, की आमच्या दाराशी असा आवाज वर्षातून एकदाच व्हायचा, पाडवा झाल्यावर, आणि तो माझ्या वडिलांनी खांद्यावरचं पोतं उतरवल्याचा असायचा.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, कालव्याच्या खालच्या अंगाचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी डोंबिवलीत आले, मानपाड्याच्या बाजूला, एका बैठ्या चाळीत. पुढे रस्ता, मागे भातखाचरं, आणि वारा फिरला की कंपन्यांकडून असा काही वास यायचा की जेवणावरची वासनाच उडावी. नवरा त्यातल्याच एका कंपनीत पाळीवर जायचा. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सासूबाई कल्याणच्या, जन्मभर भात खाल्लेल्या, पण गव्हाची पारख अशी की दुकानदार वचकून असायचे.

वडिलांचा एक नेम होता. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं पाऊल टाकायचं नाही. आता पुष्कळांचे वडील असे असतात, लाडू आणतात, फळं आणतात. आमच्या बाबांच्या हिशेबी विकत घेतलेलं काहीही म्हणजे रिकामाच हात. आपल्या रानात पिकलेलं हवं. रान गव्हाचं, म्हणून गहू. चैत्राचं ऊन मी म्हणत असायचं, माणूस एसटीतून आंबून आलेला असायचा, पण पोतं उंबऱ्याबाहेर टेकवल्याशिवाय आणि "घरचा आहे" एवढं म्हटल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचे नाहीत. मी तांब्या घेऊन ताटकळत उभी. "बाबा, आधी पाणी घ्या ना!" छे. आधी पोतं, मग "घरचा आहे", मग पाणी.

मग सासूबाईंची पाळी. त्या पोत्यात हात घालायच्या, मूठभर गहू तळव्यावर घेऊन फुंकर मारायच्या, एक दाणा दाताखाली कटकन फोडायच्या आणि म्हणायच्या, "अंग आहे हो गव्हाला." एवढं ऐकलं की बाबा लाजून टोपी सारखी करायचे. जावयानं सोन्याची अंगठी दिली असती तरी एवढे खूश झाले नसते.

आणि मग आमचं रान चिबडलं.

चिबडणं म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगावं लागतं. कालवा आला, वरच्या अंगाच्या लोकांनी ऊस लावला, उसाला धो धो पाणी दिलं. ते पाणी जमिनीच्या पोटातून झिरपत झिरपत खालच्या रानात आलं आणि तिथेच बसलं. वरून बघाल तर जमीन नुसती ओलसर दिसते. पाय टाकला की फसक. नांगर चालत नाही, बैल घालायची सोय नाही. असल्या जमिनीत गहू उगवतो, नाही असं नाही, पण हातभर होता होता खालची पानं पिवळी पडायला लागतात. मी मुलांना वर्गात शिकवायची, झाडाची मुळंसुद्धा श्वास घेतात. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यात हवा असते. पाणी भरलं की हवा बाहेर. मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे पाण्यात उभं राहून झाड तहानेनं सुकतं. फळ्यावर चित्र काढताना मला कधी वाटलं नव्हतं, की हा धडा माझ्याच बापाच्या रानात घडायचा आहे.

त्या वर्षी बाबा आले ते अर्धं पोतं घेऊन. दाराशी टेकवलं, "घरचा आहे" म्हणाले, पण नेहमीसारखं नाही, जरा तोंडातल्या तोंडात. सासूबाईंनी सवयीनं मूठ भरली, फुंकर मारली, तर निम्मे दाणे उडाले. चिमलेले, सुरकुतलेले, नुसता कोंडा. त्या म्हणाल्या, "यंदा अंग नाही हो गव्हाला." त्यात वाईट असं काही नव्हतं. पाऊस कमी झाला म्हणतो तसं त्या म्हणाल्या. पण बाबांचा चेहरा मी पाहिला. पाणी प्यायले, चहा घेतला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघालेसुद्धा. एरवी आठ-पंधरा दिवस हलायचे नाहीत.

त्यानंतर ते आलेच नाहीत. एका चैत्रात गुडघा दुखत होता. पुढच्या चैत्रात ऊन फार होतं. त्याच्या पुढच्या चैत्रात म्हणे गावची जत्रा होती. अहो, जत्रा काय आधी नसायची? पाडवा झाला की मी उगाच दारात जाऊन उभी राहायची. कुणाच्या खांद्यावर पोतं दिसलं की जीव गोळा व्हायचा, आणि निघायचा तो सिमेंटवाला. आमचा भाग तेव्हा भराभर बांधला जात होता, सिमेंटची पोती काय कमी होती! त्या पोत्यांचा मला अस्सा राग यायचा.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मी भांडलेच. "मला काय गहू पाहिजे होय? गहू रेशनवर मिळतो! मला तुम्ही पाहिजेत." बाबा दारातल्या दगडावर बसून पायाच्या बोटानं माती उकरत होते. म्हणाले, "पोरी, रिकाम्या हातानं कसं यायचं?" बस्स. वरच्या माळावर बाजरी होत होती, खायची ददात नव्हती, पण बाजरी लेकीकडे नेलेली त्यांना चालेना. लेक पोळीची खाणारी. हट्टीपणात मी कुणावर गेलेय ते वेगळं सांगायला नको.

परत आले ती डोक्यात भुंगा घेऊनच. रान दुसऱ्याचं असलं तरी बी बाबांचं, कष्ट बाबांचे, मग गहू घरचाच नाही का? आमच्या मागच्या खाचरांची मालकीण एक आगरी म्हातारी होती. मी तिला मावशी म्हणायची. डोक्यावर वांगी-मिरचीची पाटी घेऊन ती चाळीत यायची आणि भाव पाडून मागणाऱ्या बाईला असं काही सुनवायची, की त्या बाईनं दुप्पट घेऊन घरात पळावं. माझं तिचं बरं जमायचं, दोघींनाही तोंड होतं म्हणून. भात कापून झाला की तिची खाचरं पुढे पडूनच असायची. मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "मावशी, एक खाचर देशील? माझे वडील गहू पेरतील." ती कमरेवर हात ठेवून हसली. "आमच्या खाचरान गहू? येरी झालीस काय गो?" मग जरा थांबून म्हणाली, "बोलाव बापासला. बगू तं खरा."

बाबा आले. आले म्हणजे मावशीकडे आले. माझ्या घरी नाही! सुताराकडून दांडा भरून घेतलेली कुदळ आणि बियाण्याची पिशवी घेऊन थेट खाचरात उतरले, मावशीच्या पडवीत वळकटी टाकली. मी डबा घेऊन जायची, तो बांधावर बसून जेवायचे. रानातलं जेवण त्यांच्या नेमात बसत होतं. माझ्या मागच्या खिडकीतून ते मला दिसायचे, मी हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. आणि त्या सबंध हिवाळ्यात त्यांनी माझ्या उंबऱ्याला पाय लावला नाही. मी चिडायची, डबा आपटायची. ते शांतपणे म्हणायचे, "पीक निघू दे. येतोच की."

खाचराची माती त्यांनी मुठीत दाबून पाहिली होती. चिकट, घट्ट, पाणी धरून ठेवणारी. चिबडानं हात पोळलेला माणूस, त्यांनी आधी चारी बाजूंनी चर खणले, उताराच्या तोंडाशी बांध फोडून पाण्याला वाट करून दिली, आणि मग गहू पेरला. मावशी बघत बसायची. चांगला धरलेला बांध कुणी फोडावा हे तिला बघवत नव्हतं. तिचा सगळा जन्म बांध लिंपून पाणी अडवण्यात गेलेला. पण पाहुण्याला काय बोलायचं, म्हणून गप्प राहायची. आणि गहू काय सुंदर उगवला! फुटवे फुटायला लागले, सकाळी शाळेत जाताना मी मुद्दाम मागच्या वाटेनं जायची. भाताच्या गावात गव्हाचा तो हिरवा रंग पाहून मला माहेरी गेल्यासारखं वाटायचं.

तेवढ्यात गावाहून निरोप आला, बाबांचे चुलत भाऊ वारले. दहावा-तेरावा करूनच यायला हवं होतं. जाताना मावशीला म्हणाले, "पिकाकडे लक्ष असू द्या." एवढंच म्हणाले. कपाळ माझं, एवढंच म्हणाले!

मावशीनं लक्ष ठेवलं हो. जीव लावून ठेवलं. वरची माती वाळून भेगाळलेली तिला दिसली. भाताच्या खाचराला भेग पडली म्हणजे घरात रडारड, हे ती लहानपणापासून बघत आलेली. तिनं चर बुजवले. फोडलेला बांध चिखलानं असा लिंपला की मुंगी जाऊ नये. शेजारच्या ओहोळाला माती घालून पाणी वळवलं आणि खाचर बांधापासून बांधापर्यंत भरून टाकलं. ते पाणी तसंच उभं राहिलं, वर रोज थोडी भर. माझी तेव्हा शाळेत परीक्षेची गडबड, मी पुढच्या रस्त्यानं जायची-यायची. रविवारी मागच्या खिडकीत उभी राहिले आणि बघते तर खाचरात आभाळ दिसतंय.

मी तशीच धावत गेले. "अगं मावशी, हे काय केलंस!" ती आनंदात होती. "तुज्या बापासचा पीक सुकत व्हता गो. पावन्याचा पीक माज्या दारान सुकला तं मना काय वाटंल? मी पानी दिला." मी तोंडाला येईल ते बोलले. बांध माझ्या हातानं फोडला, चिखलात माखले. मुळं, हवा, श्वास, सगळा धडा ओरडून सांगितला. भाताच्या मुळांना आतून पोकळ नळ्या असतात, पानातली हवा त्यातून खाली पोचते, म्हणून भात पाण्यात सुखानं उभा राहतो. गव्हाला ते जमत नाही. मावशी खुळ्यासारखी बघत राहिली. "पान्यान झाड बुडून मरतं?" असं तिनं विचारलं, आणि तिचे डोळे भरले. तिला काय म्हणून बोलायचं? तिच्याकडचं सगळ्यांत मोलाचं जे होतं तेच तिनं माझ्या वडिलांच्या पिकाला दिलं होतं.

बाबा आले तेव्हा खालची पानं पिवळी पडली होती. त्यांनी एक रोप उपटलं, मुळं झटकली. काळपट पडलेली, कुजका वास येणारी. हेच त्यांनी आपल्या रानात किती वेळा पाहिलं होतं. मला वाटलं आता हा माणूस खाली बसेल. बसले नाहीत. चर पुन्हा उकरले, पाणी उतरू दिलं, माती पाय ठेवण्याजोगी झाल्यावर थोडा युरिया फेकला, कारण मातीतलं होतं नव्हतं ते पाण्यानं गेलं होतं. काही दिवसांनी मला हाक मारून दाखवलं, बुडख्यापाशी मातीच्या अगदी वरच्या थराला नवी पांढरी मुळं फुटली होती. "जगायला बघतंय," ते म्हणाले. मावशी दोन हातांवर उभी होती. तिच्याशी ते एक शब्द वाकडा बोलले नाहीत. मला मात्र वाटत होतं, ओरडावं त्यांनी एकदा. मोकळं तरी झालं असतं.

जगलं ते, पण फुटवे निम्मे मेले होते. जे उरले त्यांच्या ओंब्या बोटभर, त्यातही वरच्या टोकाला दाणाच नाही. उन्हं तापली तशी मुळांअभावी झाडं लवकर वाळली आणि दाणा भरायच्या आतच पिकला. फक्त बांधाच्या कडेची एक ओळ, उंचावर असलेली, पाणी न लागलेली, ती कमरेएवढी आली आणि ओंब्यांनी वाकली. एकाच खाचरात, एकाच बियाण्याचा तो गहू. मावशी त्या ओळीपुढे बराच वेळ उकिडवी बसलेली मी पाहिली.

होळीच्या आसपास कापणी झाली. बाबांनी दोन ढीग केले. बांधावरचा भरलेला गहू मावशीच्या सुपात ओतला, "जागेचा वाटा" म्हणून. ती नको नको म्हणत होती, पण मालकाचा वाटा आधी आणि चांगल्यातला, हा त्यांचा दुसरा नेम. उरलेला चिमलेला ढीग त्यांनी हातात घेतला, फुंकर मारली. सासूबाई मारायच्या तशीच. दाणे उडाले. मग ते सगळंच त्यांनी मावशीच्या कोंबड्यांना टाकलं, वळकटी बांधली, आणि मी डबा घेऊन पोचायच्या आत निघून गेले. मी पडवीत बसून रडले. मावशीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला. तो डबा मी तिथेच विसरले. संध्याकाळी तिनं तो घासून परत आणून दिला.

त्या वर्षाचा पावसाळा गेला, भात कापून झाला. एक दिवस मी मागच्या खिडकीत कपडे वाळत घालत होते, तर मावशी खाचरात कुदळ मारताना दिसली. मिरचीला करते तसे उंच वाफे घालत होती, मध्ये खोल चर, आणि उताराच्या तोंडाशी तिनं स्वतःच्या हातानं बांध फोडलेला. मी खाचराकडे गेले. ती पदरानं घाम पुसत म्हणाली, "गहू मिरचीच्या जातीचा गो. मी त्याला भाताच्या जातीचा समजलू. मिरचीच्या पायान पानी ठेवला तं ती पन मरतं." वाटा म्हणून मिळालेला गहू तिनं दळला नव्हता. एक दाणा नाही. सगळा बियाण्याला ठेवला होता. आदल्या शिमग्यात झटकलेला तो हात मी धरला आणि तशीच उभी राहिले.

पिकाला पाणी लागायचं तेव्हा ती तांब्यातांब्यानं वाफ्याच्या कडेनं द्यायची, आणि येता-जाता माझ्या खिडकीपाशी ओरडायची, "चर उगडं हायेत गो मास्तरीन!" माघात ओंब्या भरल्या तेव्हा तिनं फर्मान काढलं. "बापासला बोलाव. बी त्याचा हाय. कापाला त्यानीच याला पायजे." मी गावी जाऊन बाबांना घेऊन आले. ते खाचराच्या तोंडाशी थांबले, चर पाहिले, फोडलेला बांध पाहिला, आणि टोपी काढून हातात घेतली. मावशी म्हणाली, "बगताव काय? इला हाना." दोघं इळे घेऊन कापणीला लागले. बाबांचा मुक्काम पुन्हा मावशीच्या पडवीतच.

कापलं, मळलं, उफणलं. मावशीचा वाटा झाला. पाडवाही होऊन गेला. आणि एका सकाळी सासूबाई मागच्या खिडकीपाशी तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मला खूण केली. मी वाकून पाहिलं. बाबा मावशीच्या दारात आंघोळ करून, धुवट धोतर नेसून, टोपी घालून उभे. मावशीनं आणि तिच्या लेकानं त्यांच्या खांद्यावर पोतं चढवलं. मागच्या वाटेनं आमचं दार हाकेवर होतं. पण ते उलट्या दिशेनं निघाले. खाचराच्या बांधावरून, मावशीच्या आळीतून, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. एसटीतून उतरून माणूस ज्या बाजूनं येतो, त्या बाजूनं यायला. एवढं मोठं पोतं खांद्यावर, तेही त्या वयात. मी हाक मारणार होते, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि खिडकी हळूच लावून घेतली. "आपण काही पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तांब्या भर."

मी तांब्या भरून दाराच्या आत उभी राहिले. किती वेळ लागला त्यांना! मग पायरीवर पावलं वाजली आणि उंबऱ्याबाहेर धप्प आवाज झाला.

सासूबाई पुढे झाल्या. "अगंबाई, तुम्ही! कधी निघालात गावाहून?"

बाबा घामानं निथळत होते, धाप लागली होती. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, आधी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घरचा आहे," ते म्हणाले. आणि मग त्यांनी पाणी मागितलं.